माया कमी करायची की भीड?

‘आपला स्वभाव लईच चांगला, जरा कमी केला पायजे.’ कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर असं म्हणणारा बहुधा कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहून पस्तावलेला असतो. स्वभाव बदलावासा कुणालाही वाटतो. नेथन हडसन आणि ब्रेंट रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी 2014 साली अमेरिकेत हेच तपासलं, तर बहुतेकांना आपले चांगले गुण वाढवायचे होते. इथं उलटं, कमी करायची भाषा. मला विचाराल तर त्रास देते भीड आणि बोल लागतो मायेला.

दोघींची गल्लत होते, कारण दोन्हीतून शेवटी ‘हो’च निघतं. पतसंस्थेचा फॉर्म घेऊन मित्र येतो. ‘भावा, नुसती सही पायजे.’ मायाळू माणूस आधी चौकशी करतो. हप्ता किती, उसाचं बिल कधी जमा होणार, थकलं तर काय करणार? मग सही करेल नाहीतर नको म्हणेल, पण रात्री त्याला झोप लागते. भिडस्त माणूस काही विचारतच नाही. पेन हातात आलेलं, शेजारी चार ओळखीचे बसलेले, ‘नको’ घशातच अडकतं. घरी बायकोला सांगताना आवाज खाली जातो आणि पुढं तोच मित्र समोरून येताना दिसला की हा गल्ली बदलतो. (कायद्याला तुमची भीड कळत नाही. भारतीय करार कायदा, 1872, कलम 128 : करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच.)

मानसशास्त्रात माणसाचा स्वभाव पाच मोठ्या घटकांत मोजतात, त्या मांडणीतही हा सगळा ऐवज एका खान्यात नाही. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या स्वभाव-चाचणीत परोपकार सौजन्यात येतो, ठामपणा बहिर्मुखतेत आणि चारचौघांतला संकोच भावनिक अस्थिरतेत. नमतं घेणं सौजन्यातच धरलंय, हे खरं. पण सरळ बोलणंही त्यातच आहे! म्हणजे तोंडावर ‘जमणार नाही गड्या’ म्हणणारा रांगडा गडी सौजन्यात कमी पडतो असं नाही.

बदल नुसत्या इच्छेनं होत नाही. हडसन यांच्याच 2019 च्या 15 आठवड्यांच्या अभ्यासात, ठरवलेली छोटी कामं ज्यांनी खरंच केली त्यांचा स्वभाव हलला. नुसती ठरवणाऱ्यांचा नाही. भीड मोडायची तर काम साधंच आहे. ‘घरात विचारून सांगतो’ ही पळवाट सोडायची आणि तिथल्या तिथं बोलायचं, ‘जामीन राहणार नाही. पाच हजार पाहिजेत तर घेऊन जा, जमेल तसे दे.’