चिठ्ठ्यांतून आलेली जमीन आणि पिपात आंबलेली वाईन

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसिया प्रांतात सिल नदीच्या खोऱ्यात वाल्देओर्रास हा भाग आहे. तिथल्या ‘आस सोर्तेस’ या पांढऱ्या वाईनची कहाणी तिच्या नावापासूनच सुरू होते. बापाच्या मागे जमिनीची वाटणी करताना तिकडे चिठ्ठ्या टाकत, आणि ज्याच्या नशिबी जो तुकडा येई त्याला ‘सोर्ते’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या अशा वाटण्या होत गेल्या आणि डोंगरउतारावर इवल्याशा द्राक्षबागांची गोधडी तयार झाली. आपल्याकडे गुंठ्या-गुंठ्यावर भावकीत काय होतं हे पाहिलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

या बागांत गोदेयो नावाचं पांढरं द्राक्ष आहे. आज त्याचं मोठं कौतुक होतं, पण पन्नास वर्षांपूर्वी ते जवळजवळ संपलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने बागा फस्त केल्या. पुढे अमेरिकी खुंटावर कलमं करून लागवड झाली खरी (नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना खुंट आणि कलम नवं नाही), पण शेतकऱ्यांनी गोदेयो सोडून भरघोस पिकणारं पालोमिनो लावलं. पोटाचा प्रश्न होता, त्यांना दोष देता येणार नाही.

गोदेयो वाचलं ते 1970 च्या दशकात. कृषी विस्तार सेवेतले ओरासिओ फेर्नांदेस प्रेसा आणि त्यांच्याबरोबर लुईस इदाल्गो यांनी जुन्या बागांतून उरलेल्या वेली हुडकल्या, चांगल्या वेलींच्या काड्या निवडल्या, त्यांची रोपं वाढवून शेतकऱ्यांना दिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम हेच. 1986 मध्ये गोदेवाल ही फक्त गोदेयोला वाहिलेली वाईनरी उभी राहिली. पाठोपाठ 1990 च्या दशकात गितियान या नावाने ओकच्या पिपात आंबवलेली गोदेयो बाजारात आली आणि हे द्राक्ष लाकडाला पेलतं, हे सिद्ध झालं.

‘आस सोर्तेस’ करणारा राफाएल पालासिओस मात्र इथला नव्हे. तो स्पेनच्याच रिओहा भागातल्या आल्फारो गावच्या वाईन करणाऱ्या घराण्यातला, कातालोनियातला प्रियोरात हा वाईनचा मुलूख गाजवणाऱ्या आल्वारो पालासिओसचा धाकटा भाऊ. घरच्या वाईनरीत त्याने ‘प्लासेत’ ही पांढरी वाईन घडवली होती. तांबड्या वाईनच्या मुलखात पांढरीचा ध्यास घेणं सोपं नव्हतं. 2004 मध्ये तो वाल्देओर्रासला आला आणि बिबेई नदीच्या खोऱ्यात, ओ बोलो परिसरात, बागांचे तुकडे जमवू लागला. उंची साधारण सहाशे-सातशे मीटर. पायाखाली झिजलेल्या ग्रॅनाइटची भुसभुशीत वाळू, तिला तिथे ‘साब्रेगो’ म्हणतात. रात्री गारवा असतो, त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं आणि त्यातला आंबटपणा टिकतो.

आता पिपाबद्दल. पोलादी टाकीत आंबवून झालेली वाईन नंतर पिपात ओतली, तर लाकडाची चव वरवर चढते. इथे ताजा रसच फ्रेंच ओकच्या 500 लिटरच्या पिपात जातो. फेस वर येतो म्हणून पीप काठोकाठ भरत नाहीत. आंबणं जोरात असताना पिपाच्या तोंडाशी कान नेला, तर आत बारीक सूंऽऽ असा आवाज येत राहतो. आंबताना यीस्ट लाकडातला तुरटपणा आणि वास थोडा पोटात घेतं. काम संपलं की तेच मेलेलं यीस्ट तळाशी मऊ साय धरल्यासारखं बसतं. वाईन त्या गाळावर काही महिने मुरते, आणि तिच्यात गोलाई येते, भरीवपणा येतो. नेहमीचं पीप 225 लिटरचं असतं. मोठ्या पिपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी, म्हणून द्राक्ष झाकलं जात नाही.

पुढे त्याने 1970 च्या दशकात लावलेल्या एकाच बागेतून ‘सोर्ते ओ सोरो’ ही वेगळी वाईन काढायला सुरुवात केली. तिच्या 2020 च्या हंगामाला अमेरिकी वाईन-समीक्षक रॉबर्ट पार्करने सुरू केलेल्या ‘वाइन ॲडव्होकेट’ या नियतकालिकाने 100 पैकी 100 गुण दिले. ती बाग म्हणजेही असाच एक लहानसा तुकडा.