माफक मद्यपान आणि आरोग्य

माफक मद्यपान म्हणजे ठरावीक मर्यादेत राहून केलेले दारूचे सेवन. त्याने हृदयाला फायदा होतो, ही समजूत नागपुरातही घट्ट रुजलेली आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी लागणारा परवानासुद्धा कायद्याच्या भाषेत आरोग्य टिकवण्यासाठीच दिला जातो. संशोधनाने मात्र गेल्या काही दशकांत या समजुतीचा पाया बराच खिळखिळा केला आहे.

पहिला प्रश्न मोजमापाचा. मात्रा पेल्यात नव्हे, तर शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये मोजतात. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमची तीव्रता साधारण 42.8 टक्के असते. म्हणजे 30 मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल येते, 180 मिलिलिटरच्या पव्व्यात सुमारे 61 ग्रॅम आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या 650 मिलिलिटर बाटलीत सुमारे 41 ग्रॅम. ब्रिटनने 2016 मध्ये आठवड्याची मर्यादा 14 युनिट, म्हणजे 112 ग्रॅम ठरवली. शनिवारी रात्री सावजी मटणासोबत एक पव्वा आणि रविवारी दुसरा झाला, की ती ओलांडली जाते. पिणारा मात्र स्वतःला माफकच समजत असतो. हातभट्टीच्या मोहाच्या दारूची तीव्रता तर भट्टीगणिक बदलते, तिथे हा हिशेबच लागू होत नाही.

फायद्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी 1926 मध्ये माफक पिणारे जास्त जगतात असे मांडले. 1992 मध्ये फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांनी फ्रेंच लोकांच्या कमी हृदयविकाराचा संबंध वाइनशी जोडला आणि ही कल्पना घरोघरी पोचली. अल्कोहोलने एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल थोडे वाढते आणि रक्ताची गुठळी करणाऱ्या बिंबाणूंचा चिकटपणा कमी होतो, हे खरे आहे. घोटाळा तुलनेत होता. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात, म्हणून तो गट अधिक रोगट दिसे. ब्रिटिश संशोधक ए. जी. शेपर यांनी 1988 मध्ये हे दाखवले. पुढे 2019 मध्ये चीनमधल्या सुमारे 5 लाख लोकांच्या पाहणीत दारू पचण्यावर परिणाम करणाऱ्या जनुकीय फरकांच्या आधारे पडताळणी झाली, तेव्हा थोड्या दारूने पक्षाघात टळतो याला आधार मिळाला नाही. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष अनेक देशांत हृदयविकाराची कारणे शोधणाऱ्या इंटरहार्ट अभ्यासाचा: इतर देशांत हृदयाला संरक्षण देणारी भासलेली दारू दक्षिण आशियाई लोकांत तशी आढळली नाही (2007).

धोक्याच्या बाजूला कर्करोग सर्वांत ठळक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्ये मद्याला पहिल्या गटातले, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेले कर्ककारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे, आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या मात्रेपासूनच वाढू लागतो. नागपुरात या यादीतला पहिलाच शब्द काळजीचा. इथे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) घोटून खर्रा करून देतात आणि तो तासन् तास गालात धरला जातो. अल्कोहोलमुळे तोंडातल्या अस्तरातून तंबाखूतली विषे आत शिरणे सोपे होते. दोन्ही व्यसने एकत्र आली की धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. खर्रा खाणाऱ्याने एका पेगाला निरुपद्रवी मानावे, असे या माहितीत काहीही नाही.

उन्हाळ्यात थंड बीअरने शरीर गार राहते, हाही गैरसमज. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा हवेत अल्कोहोल लघवीवाटे पाणी बाहेर काढते आणि उष्माघाताला वाट मोकळी करते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. पाणी कमी पडले की त्यांच्या वेदनांचा झटका उसळतो, त्यामुळे त्यांनी दारू टाळणेच योग्य. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर उपाशीपोटी प्यायल्यास धोकादायकरीत्या खाली जाते, आणि घरच्यांना ती नशाच वाटते. गरोदरपणात सुरक्षित अशी मात्राच नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र कोणालाही न विचारता एकाएकी बंद करू नये. हात थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे यातून जीवही जाऊ शकतो. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयोसारख्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवून, औषधांच्या आधाराने दारू सोडता येते.