हायड्रोप्लेन, रेडिओनियंत्रित विद्युत

पाण्यावर तरंगण्यापेक्षा पाण्यावरून निसटण्यासाठी बांधलेली, दूरनियंत्रकाने चालणारी छोटी शर्यती बोट. पूर्ण वेगात तिचा पाण्याशी संबंध तीनच जागी उरतो: पुढे दोन बाजूंना असलेल्या स्पॉन्सनची (तरंगत्या बाजूअंगांची) मागची टोके आणि शेपटीशी अर्धवट बुडालेला प्रॉपेलर. बाकीचे अंग हवेत. बांधणाऱ्यांच्या तोंडी तिचे नाव नुसते ‘हायड्रो’.

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दाखवलेली बिनतारी बोट बॅटरीवरच चालत होती. म्हणजे या छंदाचा मूळपुरुष विजेचाच. तीन टेकूंची रचना १९३० च्या दशकात अमेरिकेतील व्हेंटनर बोट वर्क्सच्या अपेल पितापुत्रांनी रूढ केली. १९५० मध्ये ‘स्लो-मो-शन ४’ने सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैलांचा (सुमारे २५८ किमी) विक्रम केला, तेव्हा प्रॉपेलर अर्धा पाण्याबाहेर ठेवून धावण्याची युक्ती जगजाहीर झाली. आजची प्रतिकृती त्याच युक्तीवर चालते.

सांगाडा बर्च प्लायचा: आडव्या फ्रेमसाठी ३ मिमी, वरच्या कातड्यासाठी १.५ मिमी किंवा त्याहून पातळ. फ्रेम बसवताना खालचा पाट सपाट हवा, आणि लाकडी पाट कधीच सपाट नसतो. बडोद्यातल्या जुन्या वाड्यांतून निघालेली आरशाची जाड काच याला उत्तम. प्रस्तुत नोंदकाराचे दांडिया बाजारातले टेबल असेच, कपाटाच्या आरशाचे आहे. त्यावर फ्रेम उभी केली की प्रतिबिंबातच तिचा तिरपेपणा दिसतो. स्पॉन्सनच्या तळाला तीन-चार अंशांचा चढ देतात. दोन्हींत अर्ध्या अंशाचा फरक राहिला तरी बोट एका खांद्यावर कलून धावते, आणि लोक दोष मोटरला देतात.

सांधे व कातडे इपॉक्सीने पक्के करून वर पातळ ग्लास-कापड चढवतात. इथे गावाचे हवामान मध्ये येते. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, कालवलेले इपॉक्सी पुठ्ठ्यावर न्यायच्या आतच वाटीत तापून घट्ट होते. थोडे थोडे कालवावे, शक्यतो पहाटे. श्रावणात उलटी तऱ्हा: सुकलेल्या थरावर चिकट, मेणचट साय येते. ती पाण्याने धुऊन, पॉलिश-पेपर मारूनच दुसरा थर द्यावा, नाहीतर तो सोलून निघतो.

हल, म्हणजे बोटीचे अंग, झाला की लोकांना बोट झाल्यासारखे वाटते. खरे काम त्यानंतरचे. चार सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा नाममात्र विद्युतदाब १४.८ व्होल्ट (पूर्ण भरल्यावर १६.८). २००० केव्हीची (इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाचे फेरे) ब्रशलेस मोटर त्यावर, बिनभाराने, मिनिटाला २९,६०० फेरे घेईल. ‘एक्स ४४२’ या प्रचलित प्रॉपेलरचा व्यास ४२ मिमी आणि पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) त्याच्या १.४ पट, म्हणजे ५८.८ मिमी. गुणाकार केला तर ताशी १०४ किमी येतात. भाराखाली मोटर मंदावते, प्रॉपेलर थोडा घसरतो, त्यामुळे हातात पाऊणच वेग येतो. तो पाऊण आहे की अर्धा, हे धार आणि तोल ठरवतात. दोन्ही पाती सारखी धारदार व सारख्या वजनाची हवीत. बोट थरथरली की आधी तिथे बघावे. बेरिलियम-तांब्याचे प्रॉपेलर घासताना पाण्याखालीच घासावे, कारण त्याची पूड फुप्फुसाला घातक असते.

मोटरपासून प्रॉपेलरपर्यंत शक्ती नेते ती वळवलेल्या तारांची लवचीक केबल, बहुधा ४.७६ मिमी जाडीची, पितळी नळीतून ग्रीस लावून फिरणारी. भार आला की ती आवळते आणि लांबीला कमी होते. म्हणून स्ट्रट (शेपटीशी दांडा धरणारा आधार) आणि प्रॉपेलरच्या ड्राइव्ह-डॉगमध्ये (प्रॉपेलरला फिरवणाऱ्या खाचेच्या तुकड्यामध्ये) तीनेक मिलिमीटर फट सोडायची असते. नोंदकाराच्या पहिल्या बोटीत ती सोडलेली नव्हती. तिसऱ्या फेरीला आवाज बसला, किनाऱ्यावर आणून स्ट्रटला हाताचे बोट लावले तर चटका बसला. आतली बुश (दांडा जिच्यात फिरतो ती नळी) झिजून पूड झाली होती. नवी बुश मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याने चहा होईपर्यंत काढून दिली. या छंदाला बडोद्यात जो काही आधार आहे तो अशा लेथवाल्यांचा.

वेगनियंत्रक अर्थात ईएससी १२० अँपिअरचा तरी घ्यावा आणि बॅटरीकडच्या वायरी आखूड ठेवाव्यात; लांब वायरींमुळे ईएससीचे कपॅसिटर तापून जातात. रडरमधल्या (सुकाणूतल्या) भोकातून शिरलेले पाणी सिलिकॉनच्या नळीने ईएससी आणि मोटरभोवती फिरवून बाजूने बाहेर सोडतात. काठावरून ही बारीक धार दिसत राहिली पाहिजे. धार तुटली की थ्रॉटल सोडा, मग कारण शोधा. सिग्नल गेला तर मोटर बंद पडेल अशी फेलसेफ घरीच तपासावी.

बोटीचा गुरुत्वमध्य स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून प्रॉपेलरपर्यंतच्या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापाशी येईल अशी बॅटरी सरकवतात. तो फार मागे गेला की दोन स्पॉन्सनमधल्या बोगद्यात शिरलेली हवा नाक उचलते आणि बोट पाठीवर पडते. पडली की आपण होऊन सुलटत नाही. म्हणून आत फोमचे तुकडे कोंबलेले आणि झाकण पारदर्शक टेपने बंद केलेले असावे. वळणासाठी उजव्या स्पॉन्सनला पात्यासारखी उभी फिन लावतात. मोठ्या हायड्रोप्लेन डावीकडे वळत धावतात, प्रतिकृतींच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे उजवीकडे. फोटो बघून डावीकडे फिन लावणाऱ्याची बोट पहिल्याच वळणावर भोवरा खाते.

बडोद्यात धावायला जागा हीच अडचण. सुरसागर शहराच्या मध्यभागी, पण चारी बाजूंनी बांधीव; आपल्याच बोटीच्या लाटा भिंतीवर आपटून परत येतात आणि दुसऱ्या फेरीत पाणी खवळलेले असते. शिवाय महापालिकेची परवानगी हवी. विश्वामित्रीत मगरी आहेत, तेव्हा उलटलेली बोट आणायला पाण्यात उतरण्याचा विचारही नको. आजवा हे शहराला पाणी पुरवणारे सरोवर. राहतात शहराबाहेरची गावतळी, ग्रामपंचायतीला विचारून, सकाळी वारा उठायच्या आत. उत्तरायणानंतर महिनाभर तिथेही सावध असावे: पाण्यात पडलेला मांजा प्रॉपेलरभोवती गुंडाळला की केबलच पिळून तुटते. बोट ओढून आणायला मासेमारीचा दोरा आणि टेनिसचा चेंडू जवळ असू द्यावा.

एका चार्जमध्ये तीन-चार मिनिटेच धाव मिळते. घरी आल्यावर केबल उपसून पुसावी, नवे ग्रीस लावावे, झाकण रात्रभर उघडे ठेवावे. बॅटरी दर सेल ३.८ व्होल्टवर आणून मातीच्या कुंडीत ठेवावी. स्कूटरच्या डिकीत, उन्हात, कधीही नाही.