मोबाइल पैसा (आफ्रिका)

बँकेत खाते नसलेल्या माणसाला केवळ मोबाइल क्रमांकाच्या आधारे पैसे ठेवता, पाठवता, काढता आणि देणी भागवता येतील अशी दूरसंचार कंपन्यांची सेवा. खात्याची नोंद कंपनीकडे असते, रोकड नाक्यावरच्या दुकानात मिळते आणि तिच्या बदल्यातली खरी रक्कम बँकेतील विश्वस्त खात्यात ठेवलेली असते. या तिहेरी रचनेमुळे ती मोबाइल बँकिंगहून वेगळी ठरते. भारतातील यूपीआयशी तिची तुलना वारंवार होते, पण ती दिशाभूल करणारी आहे. यूपीआयमध्ये पैसे एका बँकखात्यातून दुसऱ्या बँकखात्यात जातात. येथे बँकखाते लागत नाही, स्मार्टफोन किंवा इंटरनेटही लागत नाही. २०२३ अखेर जगातील नोंदणीकृत खाती १७५ कोटींच्या घरात होती व त्यांतील जवळजवळ निम्मी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होती. प्रत्यक्ष वापरातली खाती याहून बरीच कमी भरतात, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

नाव : या सेवेचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे केनियातील ‘एम-पेसा’. ‘एम’ हे मोबाइलचे आद्याक्षर, तर ‘पेसा’ हा पैसा या अर्थाचा स्वाहिली शब्द. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. काहींच्या मते तो पोर्तुगीजांकडून आला. मोंबासाचा फोर्ट जीझस १५९३ पासून सुमारे शंभर वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि ‘मेझा’ (टेबल), ‘लेसो’ (रुमाल) असे पोर्तुगीज शब्द स्वाहिलीत आजही आहेत, हा या मताचा आधार. दुसऱ्या मतानुसार हा आपलाच ‘पैसा’ असून तो कच्छ, गुजरात व कोकण किनाऱ्यावरून होणाऱ्या व्यापाराबरोबर तिकडे गेला. नाण्यांचा पुरावा या दुसऱ्या मताकडे झुकतो. झांझिबारचा सुलतान बर्गश याने हिजरी १२९९ मध्ये (इ. स. १८८२ च्या सुमारास) पाडलेली तांब्याची नाणी ‘पैसा’ याच नावाने ओळखली जातात. जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीने १८९० पासून पाडलेल्या तांब्याच्या नाण्यालाही ‘पेसा’ म्हणत आणि ६४ पेसांचा एक रुपया होई. रुपयाचे ६४ भाग ही तर सरळ हिंदुस्थानी पद्धत. १९०४ मध्ये जर्मनांनी शंभर हेलरांचा रुपया केला. ब्रिटिश प्रदेशांत रुपया पहिल्या महायुद्धानंतर मागे पडून शिलिंग आले. नाणी गेली, शब्द मात्र टिकला. टांझानियात एजंटाला, म्हणजे कंपनीच्या वतीने रोकड घेणाऱ्या-देणाऱ्या दुकानदाराला, ‘वकाला’ म्हणतात. त्याचे अरबी मूळ आपल्या ‘वकील’ शब्दाचेच आहे. तो बसतो त्या ‘दुका’चे आपल्या ‘दुकाना’शी असलेले नातेही उघड आहे.

उगम : ही कल्पना नेमकी कोणाची, यावर बराच वाद झाला आहे. एका केनियन विद्यार्थ्याची कल्पना सफारीकॉम या केनियातील दूरसंचार कंपनीने उचलली, ही समजूत केनियात अजून ऐकू येते. तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याच्या निधीतून व्होडाफोनने हा प्रकल्प हाती घेतला, ही माहिती अधिक भक्कम आहे. निक ह्यूज व सूझी लोनी यांनी तो उभा केला. ऑक्टोबर २००५ मध्ये फाउलू केनिया ही सूक्ष्मवित्त संस्था आणि कमर्शियल बँक ऑफ आफ्रिका यांच्या साहाय्याने सुमारे ५०० कर्जदारांवर चाचणी झाली. हेतू कर्जाचे हप्ते फोनवरून भरण्याचा होता. चाचणीतील लोकांनी मात्र या सोयीचा वेगळाच उपयोग केला. कोणी गावी पैसे पाठवले, कोणी दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता भरला, तर कोणी प्रवासाला निघताना रोकड खात्यात भरून मुक्कामी पोचल्यावर काढून घेतली. हप्त्यांचा हिशेब सूक्ष्मवित्त संस्थेच्या जुन्या पद्धतीशी जुळवणे जिकिरीचे ठरले. अखेर सफारीकॉमने ६ मार्च २००७ रोजी सेवा खुली केली ती ‘घरी पैसे पाठवा’ या साध्या आवाहनासह.

त्याहूनही मागे गेल्यास श्रेय लोकांकडेच जाते. युगांडात ‘सेंटे’ म्हणून ओळखली जाणारी रीत अशी : शहरातला माणूस रिचार्जचे कार्ड विकत घेई, खरवडून निघालेला क्रमांक गावातल्या सार्वजनिक फोन चालवणाऱ्या बाईला वाचून दाखवी, ती तो आपल्या फोनवर भरी आणि आपले कमिशन कापून उरलेली रोकड त्याच्या घरी देई. घाना व बोट्स्वानातही रिचार्जचा असा चलनासारखा वापर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अभ्यासकांच्या नजरेस आला होता. फिलिपिन्समधील सेवा तर एम-पेसाच्याही आधीच्या. तेव्हा ‘पहिला कोण’ यापेक्षा सेवा केनियातच इतक्या वेगाने का रुजली, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नोकरीसाठी शहरात राहणारा पुरुष व शेतीवर राहिलेले कुटुंब ही तिथली जुनी घडी, बँकशाखांची वानवा, बाजारपेठेचा मोठा हिस्सा असलेली एकच दूरसंचार कंपनी आणि केंद्रीय बँकेने आधी कायदा न करता ‘हरकत नाही’ असे पत्र देऊन दाखवलेली सबुरी, ही त्याची कारणे. २००८ च्या आरंभी निवडणुकीनंतरच्या दंगलीत बँका बंद असताना अडकलेल्या नातेवाइकांना पैसे पोचले ते याच मार्गाने. त्या वर्षाच्या अखेरीस अर्थखात्याने सेवेची तपासणी करवली. राष्ट्रीय देयक प्रणालीचा कायदा २०११ मध्ये झाला.

कार्यपद्धती : ग्राहक ओळखपत्र दाखवून नोंदणी करतो व चार अंकी गुप्त क्रमांक ठरवतो. सिमकार्डावरील यादीतून किंवा *३३४# सारखा संकेत लावून तो व्यवहार करतो. पैसे भरताना रोकड एजंटाच्या हाती द्यायची. एजंट आपल्या फोनवरून तितकीच आकडी रक्कम ग्राहकाच्या खात्यावर टाकतो. दोघांनाही संदेश येतो आणि एजंट वहीत तारीख, ओळखपत्र क्रमांक, रक्कम लिहून सही घेतो. संदेश येण्याआधी रोकड सोडू नये आणि संदेश दिसला तरी आपली शिल्लक तपासावी, हा एजंटाचा पहिला नियम. बनावट संदेशाची फसवणूक इथेच होते. २००७ च्या दरपत्रकात पैसे भरणे फुकट, नोंदणीकृत माणसाला पाठवणे ३० शिलिंग आणि २,५०० शिलिंगांपर्यंत काढणे २५ शिलिंग होते. पाठवतानाचे शुल्क टाळण्यासाठी ग्राहक एजंटाकडे थेट समोरच्याच्या क्रमांकावर रक्कम भरून घेतात. नियमांत हे बसत नाही, तरी सर्रास चालते.

सारा डोलारा उभा असतो तो एजंटाच्या ‘फ्लोट’वर, म्हणजे त्याच्याजवळच्या खेळत्या रकमेवर. तिचे दोन भाग असतात : गल्ल्यातली रोकड आणि फोनमधली आकडी शिल्लक. दोन्ही ५०–५० हजार असताना कोणी २,००० भरले, तर रोकड ५२ हजार होते व आकडी शिल्लक ४८ हजारांवर येते. बेरीज एक लाखच राहते. तोल मात्र ढळतो. शहरात भरणा जास्त, म्हणून तिथे आकडी शिल्लक संपते. खेड्यात काढणारे जास्त, म्हणून तिथे रोकड आटते. महिनाअखेर आणि शाळेच्या फीचे दिवस सर्वांत कठीण. मग दुकान बंद करून, रोकड पिशवीत घालून मटाटूने (खासगी मिनीबसने) तालुक्याची बँक गाठायची. त्यात अर्धा दिवस जातो आणि वाटेत लुटीची भीती. फ्लोट नसलेल्या एजंटाकडून ग्राहक दोनदा रिकाम्या हाताने परतला की तिसऱ्यांदा येत नाही. उत्तम सॉफ्टवेअर असूनही अनेक देशांत या सेवा कोमेजल्या त्या याच कारणाने, आणि या कष्टांची दखल अहवालांत क्वचितच घेतली जाते.

चुकीच्या क्रमांकावर पैसे जाणे ही नेहमीची तक्रार. केनियात आता रक्कम सुटण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव दिसते व रद्द करण्यास काही सेकंद मिळतात. तरीही चूक झाल्यास व्यवहाराचा संदेश ४५६ वर पाठवावा लागतो. समोरच्याने तोवर रक्कम काढून घेतली असेल, तर ती परत मिळणे अवघड. दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड नव्याने काढून खाते रिकामे करणे हा याहून घातक प्रकार आहे.

विस्तार : सोमालीलँडमध्ये २००९ मध्ये सुरू झालेली ‘झाड’ सेवा अमेरिकी डॉलरांत चालते व पैसे पाठवण्यास शुल्क घेत नाही. टांझानियात २०१४ पासून वेगवेगळ्या कंपन्यांची खाती एकमेकांना जोडली जाऊ लागली. इथिओपियात सरकारी कंपनीची ‘टेलेबिर’ २०२१ मध्ये आली. सेनेगलमध्ये ‘वेव्ह’ने पाठवण्याचे शुल्क एक टक्क्यावर आणल्याने प्रस्थापित कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. झिंबाब्वेत नोटांच्या टंचाईच्या काळात ‘इकोकॅश’चे एजंट रोकड देताना मोठा अधिभार घेत, जून २०२० मध्ये सरकारने हे व्यवहार एकाएकी स्थगित केले. नायजेरियाने दीर्घकाळ बँकांनाच प्राधान्य दिल्याने तिथे दूरसंचार कंपन्यांचा प्रवेश उशिरा झाला. उत्तर आफ्रिकेत प्रसार तुलनेने कमी आहे.

परिणाम : हप्त्यावर वस्तू देण्याचा व्यवसाय या सेवेमुळे शक्य झाला. केनियातील ‘एम-कोपा’ने घरगुती सौर संच थोडी अनामत घेऊन व रोज ४०–५० शिलिंगांच्या हप्त्याने दिले, हप्ता थांबला की संच दुरूनच बंद होई. तवनीत सुरी व विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१६ मधील निबंधानुसार एम-पेसामुळे केनियातील सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे एकूण कुटुंबांच्या दोन टक्के, दारिद्र्याबाहेर आली. मिलफर्ड बेटमन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या निष्कर्षाला आव्हान दिले. बंद पडणारे छोटे धंदे, कर्जबाजारीपणा आणि देशाबाहेर जाणारा नफा यांचा हिशेब त्यात नाही, असा त्यांचा आक्षेप. आजारपण वा दुष्काळात दूरच्या आप्तांकडून लवकर मदत पोचते, एवढा भाग दोन टक्क्यांच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो. कर्जाबद्दलचा आक्षेपही गंभीरपणे घ्यायला हवा : २०१२ मध्ये आलेल्या ‘एम-श्वारी’ या एम-पेसावरील कर्जसेवेत ३० दिवसांच्या कर्जाला ७.५ टक्के आकार पडे; वार्षिक दराने तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. केनियाने फोनवरून कर्ज देणाऱ्यांना केंद्रीय बँकेच्या देखरेखीखाली आणणारे नियम २०२२ मध्ये केले.

सरकारांना यात कराचा सोपा स्रोत दिसला. युगांडाने जुलै २०१८ मध्ये एक टक्का कर लावला. लोक रोकडीकडे वळू लागताच तो अर्धा टक्का करून फक्त पैसे काढण्यापुरता ठेवला. घानाने मे २०२२ मध्ये दीड टक्का आकारणी सुरू केली, पुढच्या वर्षी ती एक टक्क्यावर आणली आणि २०२५ मध्ये रद्द केली.

दक्षिण आफ्रिकेत एम-पेसा २०१० मध्ये आली व २०१६ मध्ये बंद झाली. तिथे बँकखाती व एटीएम आधीच पुष्कळ होती. भारतात व्होडाफोनने २०१३ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या साहाय्याने ती आणली. जनधन खाती आणि २०१६ पासूनची यूपीआय यांच्यापुढे तिचा निभाव लागला नाही व २०१९ मध्ये ती गुंडाळण्याचा निर्णय झाला.