पार्श्वभूमी: परदेशी तळांवरच्या विशेष मुलांची शाळा

अमेरिकी सैनिकाच्या हाती जर्मनी किंवा जपानच्या बदलीचा हुकूम पडला, की विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईबापांना घराआधी थेरपिस्टची चिंता लागते. तिथे स्पीच थेरपी मिळेल का, याचे उत्तर एका ठिकाणी मिळत नाही. थोडे शाळेकडे, थोडे लष्करी दवाखान्याकडे आणि उरलेले नेमणुका करणाऱ्या कार्यालयाकडे असते. ही विभागणी कशी झाली, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, अमेरिकी सैनिकांची बायकामुले जर्मनीत येऊ लागली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे त्यांच्यासाठी शाळा उघडल्या. जपानमध्येही तसेच झाले. विशेष शिक्षण हा मात्र तेव्हा कुणाच्या हक्काचा विषयच नव्हता, खुद्द अमेरिकेतही नाही. 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ज्या शिक्षण कायद्यावर सही केली, त्याच्या मजकुरातच नोंद आहे की 10 लाख दिव्यांग मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर होती. या कायद्याने मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला आणि प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा, म्हणजे आयईपी, सक्तीचा केला. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी आईबापांनी शाळेत आयईपीच्या बैठका केल्या आहेत, त्यांना या कागदाचे वजन सांगायला नको.

पण या कायद्याची बांधणी केंद्राने राज्यांना अनुदान द्यायचे आणि राज्यांनी अटी पाळायच्या, अशी होती. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या तळातली शाळा अमेरिकेच्या कोणत्याच राज्याची नाही. त्यामुळे 1978 मध्ये परदेशी तळांवरच्या शाळांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा विशेष शिक्षणाच्या तरतुदी त्यांना वेगळ्याने लागू कराव्या लागल्या. या इतिहासात मला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

हक्क कागदावर आला तरी दूरच्या छोट्या तळावर प्रत्येक प्रकारचा तज्ज्ञ ठेवणे शक्य नव्हते. म्हणून मुलाची गरज आधी नोंदवायची आणि मग नेमणूक करायची, अशी योजना पुढे आली. भूदलाने ती 1979 मध्ये सुरू केली आणि इतर दले मागोमाग आली. ‘ईएफएमपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत नोंदणी सक्तीची आहे. डीडी 2792 हा अर्ज डॉक्टर भरतात. त्याच्या जोडीचा 2792-1 शाळा भरते आणि त्याला आयईपीची प्रत जोडली जाते. नव्या तळावरचे लोक हे कागद पाहून सेवा आहे की नाही ते कळवतात. नसेल, तर नेमणूक बदलते किंवा सैनिक एकटाच जातो.

इथेच खरी घालमेल आहे. नोंदणीमुळे बढती अडेल या भीतीने काही पालक मुलाची गरज लपवतात. ती भीती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत मूलच मोजते. तळावर पोचल्यावर थेरपिस्ट नाही असे कळते, आणि तोवर सामान जहाजातून निघून गेलेले असते.

तीन वर्षांखालच्या मुलांची सोय 1991 च्या दुरुस्तीने झाली. परदेशात ती, आणि शाळकरी मुलांची ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीसुद्धा, शाळा नव्हे तर लष्करी वैद्यकीय विभाग पुरवतो. दोन ठिकाणी विचारपूस करावी लागते ती यामुळे. शिवाय शाळेत हमखास जागा सरकारी मंजुरीने सोबत आलेल्या मुलांनाच मिळते. स्वखर्चाने मागून आलेल्यांना जागा उरली तर. प्रत्येक दलाचे नियम निराळे, ही तक्रार जुनी आहे. 2010 च्या संरक्षण कायद्याने त्यासाठी पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यात, वेगळे कार्यालय काढायला लावले, तरी सर्व दलांसाठी समान नियमावली यायला 2023 उजाडले.

जिथे पेंटॅगॉनची शाळाच नाही, तिथली गोष्ट आणखी वेगळी. भारतात अशी एकही शाळा नाही. अशा देशांत सरकार खासगी किंवा आंतरराष्ट्रीय शाळेची फी भरते, पण त्या शाळेवर अमेरिकी कायद्याचे बंधन नसते आणि ती मुलाला नाकारू शकते. म्हणून तिकडच्या शाळेने आयईपी वाचून प्रवेशाचा होकार लेखी दिला आहे का, हे पालकांना निघण्याआधीच पाहावे लागते.