कळतं, पण वळत नाही

“मोबाइलवर दोन-दोन तास बसतो की! तेव्हा बरं लक्ष लागतं?” एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या विकासातल्या विकाराचं, निदान झालेल्या मुलाच्या घरी हे वाक्य आजोबांपासून शेजारच्या काकूंपर्यंत कुणी ना कुणी ऐकवतंच. निरीक्षण अगदी बरोबर आहे, चुकतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

या मुलांकडे लक्ष नसतंच असं नाही. ते कुठे लावायचं आणि कुठून काढून घ्यायचं, यावरचा ताबा ढिला असतो. गेममध्ये दर काही सेकंदांनी गुण मिळतात, आवाज होतो, चित्र बदलतं. भागाकाराच्या २० गणितांचं फळ मात्र उद्या मिळणार, तेही वहीतल्या एका खुणेच्या रूपात. एखाद्या कामाकडे मेंदूला ओढून नेणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या यंत्रणेत इथे फरक असतो आणि लांबचं फळ फार फिकं पडतं. “वार्षिक परीक्षेत ८० टक्के मिळव, सायकल घेऊन देतो” हे आश्वासन म्हणूनच वाया जातं. सायकल त्याला हवीच असते, पण मार्च महिना त्याच्यासाठी फार लांब असतो. ‘कळतं, पण वळत नाही’ हे आपण टोमणा म्हणून म्हणतो, पण एडीएचडीचं इतकं नेमकं वर्णन दुसरं सापडणं कठीण.

“याचा बाप लहानपणी असाच होता, काही बिघडलं का?” हा आणखी एक ठरलेला युक्तिवाद. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के आहे, म्हणजे आजी नकळत डॉक्टरांना हवी असलेली माहितीच पुरवत असते. आणि बिघडलं का, हे त्या बापाच्या वीजबिलांवरचा उशिराचा दंड पाहून ठरवावं. मुलींच्या बाबतीत उलटंच होतं. एका जागी गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, मग ती ‘वेंधळी’ ठरते आणि निदान कित्येक वर्षं लांबतं.

निदान रक्ताच्या तपासणीने किंवा एमआरआयने होत नाही. ‘ब्रेन मॅपिंग’वर पैसे घालवू नयेत. २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतल्या निकषांत लक्ष न लागण्याची ९ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची ९ लक्षणं आहेत. त्यांपैकी एका गटातली किमान ६ (१७ वर्षांपासून पुढे ५) कमीत कमी ६ महिने टिकलेली हवीत, काही १२व्या वर्षाआधी दिसलेली हवीत, आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी. फक्त गणिताच्या तासाला होणारी चुळबुळ यात बसत नाही. कान, डोळे आणि रात्रीचं घोरणं आधी तपासून घ्यावं. अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्यामुळे झोप मोडणारं मूलही दिवसा असंच वागतं.

औषधाची भीती मोठी असते आणि दुकानात गेल्यावर ती आणखी वाढते. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार २ वर्षं जपून ठेवतो. हे पाहून घरचे ‘गुंगीचं औषध’ समजतात. प्रत्यक्षात ते उत्तेजक आहे. साधी गोळी ३ ते ४ तास चालते. भूक मरते, म्हणून ती नाश्त्यानंतर द्यावी. तरी डबा तसाच परत येईल, ती कसर रात्रीच्या जेवणात भरून काढावी. संध्याकाळी उशिरा दिली तर झोप उडते. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब दर भेटीत मोजायला हवेत. मूल मलूल, गप्प-गप्प झालं तर डोस बहुधा जास्त आहे, तेव्हा डॉक्टरांना कळवावं. अ‍ॅटोमॉक्सेटीन या दुसऱ्या औषधाला गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि लोक दहाव्या दिवशी सोडून देतात! ६ वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर.

घरात काय करायचं? ती २० गणितंच घ्या. कोऱ्या कागदाने खालची १५ झाका. ५ झाली की खूण आणि दोन मिनिटं उठून चक्कर, मग पुढची ५. बक्षीस त्याच संध्याकाळी द्यावं, अगदी कॅरमचा एक डाव असला तरी चालेल. सूचना स्वयंपाकघरातून ओरडून देऊ नये. जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन एका वेळी एकच सांगावी. “हातपाय धू, दप्तर आवर, डबा टाक” यातलं शेवटचं तेवढं उरतं, किंवा तेही नाही. वेळेचा अंदाज या मुलांना येत नाही, म्हणून काट्यांचं घड्याळ समोर ठेवावं.

भिंतीवरचा खुणांचा तक्ता दोन आठवडे झकास चालतो. तिसऱ्या आठवड्यात तो भिंतीचाच भाग होतो आणि घरचे म्हणतात, “बघा, याला कशाचंच काही नाही.” तक्त्याचं नावीन्य संपलेलं असतं, एवढंच. रंग बदला, जागा बदला, बक्षीस बदला आणि पुन्हा लावा.