धुरजड चालेल, उलाळ नको

डेन्व्हरला राहणारा माझा मेव्हणा गेल्या उन्हाळ्यात पिकअप ट्रक घ्यायला निघाला. मी तेव्हा तिथेच मुक्कामाला होतो. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. ऑक्टोबर २०१२, लॉस एंजेलिस. टोयोटाचा टुंड्रा ट्रक 'एंडेव्हर' हे अवकाशयान मागे लावून पूल ओलांडतोय. यान आणि त्याखालचा गाडा मिळून सुमारे १ लाख ३२ हजार किलो.

"दाजी, यान ओढतो म्हटल्यावर आपला ट्रेलर म्हणजे किस झाड की पत्ती!"

ओढण्यापुरतं बोलायचं तर खरंच तसं आहे. सपाट रस्त्यावर, माणसाच्या चालीने, हवा भरलेल्या टायरांवरचं ओझं ओढायला त्याच्या वजनाच्या साधारण एक-दीड टक्का जोर पुरतो. पहिल्या गिअरमधल्या मोठ्या पिकअपला तेवढा जोर काढणं अवघड नाही. २०१९ मध्ये फोर्डने इलेक्ट्रिक एफ-१५० च्या नमुन्याला रेल्वेचे दुमजली डबे ओढायला लावले होते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक असलं की लागणारा जोर आणखी कितीतरी कमी. दोन्ही प्रयोग खरे, फसवणूक कुठेच नाही. फक्त त्या यानाला ताशी १०० किलोमीटरने, बाजूचा वारा खात, घाट उतरायचा नव्हता.

आमच्या मेव्हण्याला मात्र नेमकं तेच करायचं होतं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर: पलंग, ओटा, संडास, पाण्याची टाकी, सात मीटर लांब खोकं. चाकं खोक्याच्या मध्याच्या जरा मागे. पुढे त्रिकोणी दांडा, आणि दांड्याच्या टोकाची वाटी ट्रकमागच्या पोलादी गोळ्यावर बसवलेली. त्या गोळ्याला तिकडे बॉल म्हणतात. सगळी मजा आणि सगळा धोका या बॉलपाशी आहे.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या अंगणात गेलो. ट्रक 'हाफ-टन' वर्गातला. अर्धा टन माल वाहणारा म्हणून कधीकाळी हे नाव पडलं, आता ते नुसतंच नाव उरलंय. माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ११,००० पौंड, म्हणजे पाच हजार किलो. ट्रेलर भरून तीन हजार किलोचा. "मागे काही आहे हे कळणारही नाही," असं विक्रेता म्हणाला. मी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि उकिडवा बसून खांबावरचं पिवळं-पांढरं लेबल वाचू लागलो. माणसं आणि सामान मिळून ६५८ किलोच्या वर जाता कामा नये, असं तिथे छापलं होतं.

आता हिशेब. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग बॉलवर यावा लागतो. का, ते पुढे येतंच. तेरा टक्के धरा, ३९० किलो झाले. हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडायचा सांधा, त्याचं लोखंड ४० किलो. राहिले २२८. मेव्हणा, त्याची बायको, दोन वाढती मुलं मिळून २३०. झालं! बर्फाची पेटी, जनरेटर, सरपण अजून घरीच आहे आणि ट्रक भरलासुद्धा. ओढायची क्षमता दोन हजार किलो शिल्लक, वाहायची क्षमता शून्याखाली. अमेरिकेतली ओढण्याची क्षमता आज जे२८०७ नावाच्या मानकाने ठरते. त्यातली एक परीक्षा म्हणजे ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांब चढ भर उन्हात एसी चालू ठेवून चढणे. परीक्षा कडक आहे, पण गाडीत माणसं धरतात दोन, दर माणशी ६८ किलो. आपल्या घरची चौकडी त्यात नाही. आणखी एक गंमत: तोच ट्रक महागड्या रूपात घेतला, काचेचं छप्पर, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या, मोठी चाकं लावली, की ट्रकचं स्वतःचं वजन वाढतं आणि वाहायची क्षमता तेवढीच घटते. जास्त पैसे मोजून कमी ओझं!

"मग बॉलवर वजन कमीच ठेवू. सामान मागे सरकवू," मेव्हणा म्हणाला. सुचायला अगदी साहजिक, आणि नेमकं घातक.

आमच्या सांगलीकडे बैलगाडीसाठी दोन शब्द आहेत. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की ती धुरजड; मानेवर बोजा येतो. जाणता गाडीवान पोती रचतानाच गाडी किंचित धुरजड ठेवतो. बैलगाडीत हा प्रश्न बैलांच्या सोयीचा. ताशी १०० किलोमीटरला तोच जगण्यामरण्याचा होतो.

वरून पाहिलं तर ट्रेलर म्हणजे आडवा लंबक आहे, आणि बॉल ही त्याची खुंटी. लंबकाला मध्यावर आणतं गुरुत्वाकर्षण, ट्रेलरला मध्यावर आणतात टायर. टायरचं तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष जाणं किंचित दुसरीकडे, असा कोन पडला की रबर पिळवटतं आणि त्या कोनाच्या प्रमाणात आडवं बळ लावतं. हे एकच रबर दोन कामं करतं. ट्रेलर तिरका झाला की त्याला सरळ करणं हे पहिलं. झुलण्याची गती मारणं, म्हणजे अवमंदन, हे दुसरं. पहिल्या कामाला गाडीच्या वेगाशी फारसं देणंघेणं नाही. दुसऱ्याला आहे. ट्रेलर आडवा सरकतोय तो वेग भागिले पुढे जाण्याचा वेग, एवढाच कोन रबराला मिळतो. म्हणजे ताशी ५० ला जो झोका टायर मारतात, तोच ताशी १०० ला मारायला त्यांच्याकडे निम्मंच बळ असतं. झोक्याचा ठेका तोच, त्याला लागणारा लगाम मात्र सैल.

इथवर लगाम नुसता सैल होतो, सुटत नाही. बॉल जागच्या जागी घट्ट असता तर तो कधीच सुटला नसता. पण बॉल ट्रकच्या मागच्या आसापासून दीड-पावणेदोन मीटर मागे आहे. ट्रेलरने बॉलला डावीकडे ढकललं की ट्रकची शेपटी डावीकडे जाते, नाक उजवीकडे वळतं, ट्रक उजवीकडे निघतो आणि बॉलला परत ओढतो, पण क्षणभर उशिराने. झोपाळ्यावरच्या पोराला धक्का देणारा नेमकं हेच करतो: झोका फिरल्यावर, जरा उशिरा, योग्य वेळी ढकलतो. ढकलायला लागणारी ऊर्जा येते पुढे जाण्याच्या गतीतून. ताशी १०० ला तीन टन ट्रेलरपाशी साडेअकरा लाख ज्यूलहून अधिक गतिज ऊर्जा असते. त्यातली चिमूटभर आडवी वळली तरी पुरे. एका ठराविक वेगाला टायर जेवढं हिरावतात तेवढंच पुढच्या गतीकडून मिळतं. हा शून्य-अवमंदनाचा वेग. त्याच्या वर गेलात की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. समीकरण मांडलं तर चौथ्या घाताचं बहुपद हाती येतं आणि राउथ या गणितज्ञाने १८७७ मध्ये दिलेली स्थैर्याची कसोटी त्याला लावता येते. इथे तो मोह आवरतो, कारण मेव्हण्याने याच वाक्याला जांभई दिली होती.

तो ठराविक वेग खाली ओढणाऱ्या दोन गोष्टी आहेत. गुरुत्वमध्य मागे सरकणं, म्हणजेच उलाळ, ही एक. वजन टोकांना साठणं ही दुसरी. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावतात. ५० किलो, आसापासून चार मीटर मागे. एकूण वजन दीड-पावणेदोन टक्के वाढलं. पण जडत्व आघूर्णात, म्हणजे वळायला आणि वळणं थांबवायला होणाऱ्या विरोधाच्या मापात, अंतराचा वर्ग येतो: ५० गुणिले १६, म्हणजे ८०० किलोग्रॅम-चौरस मीटर. सात मीटरच्या तीन टनी खोक्याच्या मूळ आघूर्णात ही सहा-साडेसहा टक्क्यांची भर. शिवाय तरफेच्या नियमाने बॉलवरचे ४० किलो उचलले गेले. चार सायकलींनी दोन्ही पापं एकदम केली.

मग युरोपात लहान गाड्या कॅरॅव्हॅन कशा ओढतात? बॉलवर जेमतेम ७५-१०० किलो घेऊन, आणि हळू. जर्मनीत ट्रेलर लावलेल्या गाडीला सर्वसाधारण मर्यादा ताशी ८०. कॅलिफोर्नियातही ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरच. बाकी बऱ्याच राज्यांत ७५ मैलांपर्यंत मोकळं रान, म्हणून तिथे दहा-पंधरा टक्क्यांचा नियम.

बॉलवर वजन ठेवलं की ते ट्रकच्या मागच्या आसापलीकडे लोंबतं. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. ३९० किलो गुणिले १.६५ मीटर भागिले ३.६९ मीटर: पुढच्या चाकांवरचे १७४ किलो गायब, मागच्या आसावर ५६४ चढले. सुकाणू आणि अर्ध्याहून जास्त ब्रेक पुढच्या चाकांवर, आणि तीच हलकी झालेली. यावर उपाय म्हणजे वजन वाटणारी हिच. तिच्या दोन स्प्रिंगपट्ट्या ताणून बसवल्या की बरंचसं ओझं पुन्हा पुढच्या आसावर जातं, थोडं ट्रेलरच्या आसावर. जोड थेट मागच्या आसावर घेणारा 'फिफ्थ व्हील' ट्रेलर सहसा झुलत नाही, कारण तिथे तरफच उरत नाही. पण त्यात ट्रकचा हौदा जातो.

झुलायला लागल्यावर माणूस हमखास चूक करतो. सुकाणू उलट फिरवतो, उशिरा, म्हणजे झोपाळ्याला आणखी एक धक्का. खरं तर पाय काढायचा, सुकाणू सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचा, म्हणजे मागून ओढ बसून दोन्ही गाड्या सरळ होतात. नवीन ट्रक घेण्याचं माझ्या मते सगळ्यात सबळ कारण हेच आहे. २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत हलक्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण सक्तीचं झालं, आणि त्याच संवेदकांवर ट्रेलरचं झुलणं ओळखणारी सोय आता बहुतेक पिकअपमध्ये असते. ती माणसाच्या आधी ठेका ओळखते आणि एकेक चाक नेमक्या वेळी दाबते. मात्र उलाळ ट्रेलरला ती धुरजड करू शकत नाही.

इंजिनाबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, मी दोन वाक्यं बोलतो. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालात की आयझनहॉवर बोगदा ३,४०० मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. टर्बो नसलेलं इंजिन तिथे धापा टाकतं. आणि परत येताना पावणेसहा टनांचं लटांबर १,८०० मीटर खाली उतरवणं म्हणजे २८ युनिट वीज कुठेतरी जिरवणं. हवा त्यातली काही गिळते, उरलेली ब्रेकमध्ये जाऊ द्यायची नसेल तर खालचा गिअर हवा.

शेवटी त्याने तीन वर्षं जुना, साध्या रूपातला ट्रक घेतला. कापडी सीट, छप्पर पत्र्याचं, लेबलवर ८४० किलो. सायकली हौद्यात आल्या. पहिल्या सहलीआधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर प्रत्येक आसाचं वजन केलं आणि पावती मी खिशात ठेवली. काट्यावरून उतरलो तर वहिनी ट्रेलरच्या मागच्या बंपरला लिंबू-मिरची बांधत होत्या. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि एरवी मी वाद घातला असता.

"मागे नको," एवढंच म्हणालो, "पुढे बांधा."